कडूबांची माफी

कडूबांनी कधी पर्यटकांची डोकी मोजली नाहीत. आमच्या धंद्यात हे बसत नाही. बस सुटण्याआधी सहलीचा व्यवस्थापक यादी घेऊन एक, दोन, तीन करत मागच्या सीटपर्यंत जातो आणि तरीही दर सहलीत एखाद्या काकू स्वच्छतागृहातच राहून जातात. कडूबा बसच्या पायरीवर उभे राहायचे, डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "ती निळ्या टोपीवाली आजी कुठंय?" आजी खरंच नसायच्या. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा चिडले. छत्तीस लोकांची जबाबदारी आणि हा माणूस अंदाजाने काम करतो! मी यादी त्यांच्यापुढे धरली.

"ताई, मोजून आकडा कळतो, कोन नाय ते कळत नाय," ते म्हणाले. "आमची साडेतीनशे मेंढरं व्हती. बाप काय रोज मोजीत बसायचा व्हय?"

छत्तीस निवृत्त माणसांना मेंढरांच्या रांगेत बसवलेलं मला आवडलं नाही. पण चार हंगामांत त्यांनी एकही माणूस मागे सोडला नाही, त्यामुळे मी यादीचा आग्रह सोडून दिला.

औरंगपुऱ्यात एका दुकानाच्या डोक्यावर आमचं सहलींचं ऑफिस आहे. मी आणि माझा धाकटा भाऊ विनय, दोघं मिळून चालवतो. कडूबा आमच्याकडे आले ते वेरूळ-दौलताबादची गाडी चालवायला. गाव पिशोर, घर धनगराचं. वडिलांच्या हयातीतच मेंढरं विकली गेली आणि कडूबा गाडी शिकले. बोलणं तोडून तोडून, मिशी जाड, शर्ट कायम इस्त्रीचा. अंदमानला जाणारा आमचा व्यवस्थापक ऐन हंगामाच्या तोंडावर नोकरी सोडून गेला, तेव्हा मी कडूबांचं नाव काढलं. एकदा आलेली माणसं दुसऱ्यांदा आली की त्यांचीच चौकशी करायची, एवढंच माझ्याकडे कारण होतं.

विनय म्हणाला, "अगं, त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही."

"आपल्या गिऱ्हाइकांनी तरी कुठे पाहिलाय?" मी म्हटलं.

पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअरहून त्यांचा फोन आला. सगळे पोचले, जेवले, खोल्या मिळाल्या, एकाचा रक्तदाब वाढला होता तो उतरला. मी विचारलं, "समुद्र कसा वाटला?"

"लई पानी हाय ताई. आन् मेंढराला एक घोट कामाचा नाय."

बेटावरच्या सहलीला निघालेली माणसं फोनवर काय विचारतात, ते मी वीस वर्षं ऐकते आहे. किती पॉइंट होतात? नाश्त्याला पोहे मिळतात का? काचेच्या तळाची बोट पॅकेजमध्ये आहे की वेगळी? पाण्याखाली चालतानाचा व्हिडिओ देतात का? समुद्राचा रंग कोणता, असं आजवर कोणी विचारलेलं नाही. जागेवर गेल्यावर ही माणसं बसमधून उतरतात, पाण्याकडे पाठ करून फोटो काढतात आणि वर चढून विचारतात, "आता पुढे काय?" मी हे पोटापाण्यासाठी गिळलं. कडूबांना गिळता येत नव्हतं.

सेल्युलर जेलमध्ये आमच्या गटातल्या एका बाईंनी दोन्ही मनगटं बेडी घातल्यासारखी जोडली, जीभ बाहेर काढली आणि मोबाइल कडूबांच्या हातात देऊन फोटो काढायला सांगितलं. कडूबांनी मोबाइल हातात धरला, बटण दाबलं नाही. म्हणाले, "बाई, तुमच्या घरचं कोनी हितं टांगलं असतं तर असं तोंड केलं असतं का?" बाईंचा मला तिथूनच फोन आला. मी गोड बोलून त्यांना शांत केलं आणि लगेच कडूबांना लावला.

"गिऱ्हाइकाशी असं बोलायचं नाही."

"मग कोनाशी बोलायचं? भिताडाशी?"

नील बेटावर ओहोटीच्या वेळी लोक खडकांत उतरतात. मासे, शंखातले किडे, प्रवाळ, सगळं घोट्याइतक्या पाण्यात दिसतं. तिथून काहीही उचलायला मनाई आहे आणि हे प्रत्येकाला आधी सांगितलेलं असतं. बस निघायच्या वेळी कडूबांनी टोपली फिरवली आणि म्हणाले, "ज्याच्या ज्याच्या पर्समधी दगड आले असतील, त्यानं टाका." कोणी हलेना. "वेरूळला हत्तीच्या सोंडा तोडल्या त्यांना तुमी शिव्या देता ना? मी रोज ऐकतो, गाडीत बसून देता. मंग आता तुमच्या पिशवीत काय हाय?" टोपली अर्धी भरली. कडूबा ती घेऊन पुन्हा खाली उतरले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सगळं पाण्यात ठेवून आले. टाकून नाही, ठेवून. बोट गाठायला उशीर झाला म्हणून चौघांनी माझ्याकडे तक्रार केली. टोपलीत काही टाकणारे तेच चौघे असणार, याबद्दल मला शंका नाही.

एवढ्यावरून कोणी त्यांना खडूस ठरवू नये. लासूर स्टेशनच्या एक आजी होत्या, मुलांनी हौसेने पाठवलेल्या. हॅवलॉक बेटाच्या किनाऱ्यावर त्या वाळूत बसून राहिल्या, लाटेला भ्यायल्या. कडूबा त्यांचा हात धरून म्हणाले, "चला आजी, पानी काय चावत नाय." नऊवारीचा काठ भिजला, मग गुडघे भिजले. आजी तासभर तशाच उभ्या राहिल्या, आणि कडूबाही. त्यांचं जेवण राहिलं. काचेच्या तळाच्या बोटीत तर ते स्वतःच पोटावर पालथे पडायचे. पट्ट्यापट्ट्यांच्या माशांचा एक थवा खालून वळला, तेव्हा म्हणाले, "बघा, कसे एकदम वळले. ह्यांना हाकतं कोन?" गिऱ्हाइकांनी त्यांनाच बाजूला व्हायला सांगितलं. त्यांना फोटो काढायचा होता.

आता त्या ओळीबद्दल. आमच्या माहितीपत्रकात अंदमानच्या पाचव्या दिवसापुढे लिहिलेलं होतं, 'बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा. वाटेत घनदाट जंगल. नशिबात असल्यास आदिवासी दर्शन.' ती ओळ माझी. इतरांच्या पत्रकांत असलं काहीतरी असतं म्हणून मीही लिहिली. 'नशिबात असल्यास' हे शब्द तर मी आमच्या ताडोबाच्या पत्रकातून उचलले होते. वाघासाठी लिहिलेले शब्द माणसांना लावले आणि मला त्यात काही खटकलं नाही. पुढे मी ज्या ज्या लोकांवर संतापले त्यांच्यात मी स्वतःला धरते, म्हणून हे आधीच सांगते.

बाराटांगचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. ही माणसं तिथे पूर्वीपासून राहतात, आणि बाहेरच्यांशी संबंध आला तर त्यांना आपले रोगही लागतात. म्हणून गाड्या पहाऱ्यात, एकामागे एक सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला काही द्यायचं नाही. नाक्यावर हे सगळं सांगतात. कडूबा तीन हंगाम त्या रस्त्याने गेले. जंगल आलं की ते गटाला सांगायचे, "पडदे लावा आन् झोपा, आज पहाटं उठलात." दमलेली माणसं झोपायची. ती ओळ कडूबांनी वाचलेली नव्हती. पत्रक गिऱ्हाइकासाठी, व्यवस्थापकाला आम्ही नुसतं वेळापत्रक देतो.

चौथ्या हंगामात पाठकसाहेब आले. मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, आपल्या कॉलनीतले पस्तीस जण स्वतः जमवून आणलेले. पत्रक घडी घालून शर्टाच्या खिशात. ते त्या दिवशी झोपले नाहीत. एका वळणावर रस्त्याच्या कडेला एक बाई आणि दोन मुलं उभी होती. पाठकसाहेबांनी काच सरकवली, ड्रायव्हरला ओरडून गाडी हळू करायला सांगितलं, बिस्किटाचा पुडा बाहेर काढला आणि हाक मारली, "ए, इधर! इधर देखो!" बसमधले पाच-सहा मोबाइल खिडक्यांना लागले.

तिथला ड्रायव्हर घाबरला. "सर, खिड़की बंद कीजिए, मेरा परमिट जाएगा."

कडूबा उठले. त्यांनी पाठकसाहेबांच्या हातातला पुडा काढून घेतला, काच लावली आणि दोन्ही बाजूंचे पडदे एकेक करत शेवटपर्यंत ओढले. मग जंगल संपेपर्यंत ते मधल्या वाटेत उभे राहिले. कोणी काय काय बोललं, ते मला नंतर गटातल्याच एका शिक्षिकेने सांगितलं. "आम्ही काय फुकट आलोय?" "हा कोण आम्हाला अडवणारा?" परत येताना पुन्हा पडदे.

गट परतल्यावर तिसऱ्या दिवशी पाठकसाहेब आमचा जिना चढून आले. सोबत कॉलनीतले दोघे. विनयने खुर्च्या दिल्या, चहा मागवला. साहेबांनी खिशातलं पत्रक माझ्या टेबलावर उघडून ठेवलं.

"हे तुम्ही छापलंय की नाही?"

"छापलंय."

"मग तुमच्या माणसाने माझ्या हातातून वस्तू हिसकावून घ्यायची? छत्तीस लोकांसमोर? मी तुमच्याकडे श्रीलंकेची पण बोलणी केली होती, विसरू नका. त्याला बोलवा. त्याने आमची माफी मागायची."

कडूबा खाली गाडी पुसत होते. वर आले, दाराशी उभे राहिले. मी विचारलं, पुडा हिसकावला का? ते म्हणाले, व्हय. मी विचारलं, का?

"ताई, आमी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघायचो. कन्नडहून वेरूळकडं रस्त्याच्या कडंकडंनं. माय तीन दगडं मांडून भाकऱ्या करायची. लेण्या बघायला चाललेल्या गाड्या थांबायच्या. काच खाली, फोटो. माय उठून तोंड फिरवायची तर म्हनायचे, ए बाई, इकडं बघ. एकदा एकानं बिस्किटाचा पुडा फेकला. माझी भन पळत गेली, उचलला. गाडीतली समदी हसली. बाप काठी घेऊन गाडीमागं धावला. गाडी गेली." ते पाठकसाहेबांकडे वळले. "बापानं भनीला काय म्हनलं नाय. पन त्यानंतर गाडीचा आवाज आला का तो तिला घोंगडीखाली बसवायचा."

साहेबांनी मान हलवली. मला वाटलं, समजलं असेल.

"अहो, तुमची गोष्ट वेगळी," ते म्हणाले. "तुम्ही आपले लोक. ते जंगली आहेत. आणि आम्ही प्रेमाने देत होतो."

"आमालाबी त्या गाडीतले जंगलीच म्हनत व्हते साहेब."

विनयने माझ्याकडे पाहिलं. पुढच्या हंगामाचे अख्खे दोन गट त्या खुर्चीत बसलेले होते. विमानाचं तिकीट बदलून घेताना मी ज्या आवाजात बोलते त्याच आवाजात मी म्हटलं, "कडूबा, वाढवू नका. साहेबांची माफी मागा आणि विषय संपवा."

कडूबा टेबलापाशी आले. पत्रकावर बोट ठेवून त्यांनी ती ओळ सावकाश वाचली, शेवटच्या शब्दापर्यंत.

"ही कोनी लिहिली?"

"मी," मी म्हटलं.

मग पाठकसाहेबांना त्यांनी हात जोडले. "माफ करा साहेब. तुमची चूक नाय. ताईंनी जे दाखवतो म्हनून सांगितलं, ते मी दाखवू दिलं नाय."

पाठकसाहेबांना त्यातलं काही कळलं नाही. "झालं, झालं, मोठ्या मनाने विसरलो आम्ही," असं म्हणून त्यांनी चहा संपवला, विनयच्या पाठीवर थाप मारली आणि ते गेले. संध्याकाळी कडूबांनी गाडीची किल्ली आणि ऑफिसचा मोबाइल माझ्यासमोर ठेवला.

"रागावू नका," मी म्हटलं. "धंदा आहे."

"रागावलो नाय ताई. मला वाटत व्हतं, तुमाला ठाऊक नाय लोकं तिथं काय करतात ते."

मी त्यांना थांबवलं नाही. चार दिवसांत येतील, असं मी विनयला सांगितलं. माणसं परत येतात असा माझा अनुभव होता. कडूबा आले नाहीत, आणि पाठकसाहेबांचे दोन्ही गट श्रीलंकेला आमच्याकडूनच गेले. हे मला सांगायला आवडत नाही, पण तसं झालं.

डोळे उघडायला मला एक व्हिडिओ लागला. पुढच्या हंगामात नवा व्यवस्थापक गेला होता, यादी घेऊन फिरणारा, नम्र, गिऱ्हाइकाला नाही न म्हणणारा. गटाच्या व्हॉट्सअॅपवर कोणीतरी काही सेकंदांचा तुकडा टाकला. हलणारी झाडं, धावणारी एक लहान मुलगी आणि खिडकीबाहेर काढलेला केळं धरलेला हात. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. हाताच्या मनगटावर आमच्या कंपनीची नारिंगी पट्टी होती. गर्दीत आपला माणूस ओळखू यावा म्हणून ती मीच सुरू केलेली.

मी त्या गटाला लिहिलं की हा गुन्हा आहे, व्हिडिओ ताबडतोब काढा. उत्तर आलं, "मॅडम, चिल! तुमच्याच पत्रकात आहे ना?"

त्या आठवड्यात मी ओळ काढली, आणि ओळीबरोबर बाराटांगच काढून टाकलं. विनय दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. गुहा सगळे दाखवतात, आपणच नाही म्हटलं तर लोक शेजारच्या ऑफिसात जातील, असं त्याचं म्हणणं. जातात. मला रोज फोन येतात. एका प्राध्यापकांनी मला सुनावलं, "त्या लोकांनाही आपण बघितलेलं आवडतं हो, हात हलवतात ते." मी त्यांना विचारलं, तुमच्या घराच्या खिडकीसमोर रोज शंभर गाड्या नेऊन उभ्या करू का? त्यांनी फोन आपटला. आपटू दे.

मग मी कडूबांना शोधत लासूर स्टेशनला गेले. ते तिथे मार्केटमध्ये स्वतःचा पिकअप चालवतात, शेतकऱ्यांचा कांदा आणतात. गोण्या उतरवून घेत उभे होते. मला पाहून त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने हात पुसले आणि माझ्यासाठी एक क्रेट उलटा घातला.

"बसा ताई. उन्हात आल्या."

मी बसले आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. ओळ काढली. रस्ताही काढला. आमची गाडी आता त्या जंगलात जात नाही. तुम्ही परत या.

"बरं केलं," ते म्हणाले. हमालाला एक गोणी नीट लावायला सांगितली. मग म्हणाले, "त्या साहेबांना सांगितलं का?"

"काय?"

"त्या दिवशी मला माफी मागाया लावली ना तुमी. त्यांच्या मनात अजून ते बरोबर हायेत. माझी माफी हाय त्यांच्याकडं."

कंपनीने काय बदललं, हे सांगायला मी एवढ्या लांब आले, ते काही कमी होतं का, असं मनात येऊन गेलं, थोडा रागही आला. पण परतीच्या रस्त्यावर तो राग टिकेना. मी पत्रक सुधारलं, व्यवहार सुधारला, आणि जो माणूस बरोबर होता त्याने चुकीच्या माणसासमोर जोडलेले हात तसेच राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडल्याबरोबर मी पाठकसाहेबांना फोन लावला. विनय समोरच बसला होता. साहेब खुशीत होते, त्यांना वाटलं बालीच्या सहलीचं बोलणं आहे.

"साहेब, अंदमानहून आल्यावर आमच्या कडूबांनी ऑफिसात तुमची माफी मागितली होती. ती मी परत घेते आहे. चूक तुमची होती आणि ती ओळ छापली म्हणून माझी होती. त्यांची नव्हती."

मग साहेब हसले. "अहो बाई, वर्षभराने? आणि माफी कधी परत घेता येते का?"

"मागायला लावता येते, तर परतही घेता येते," मी म्हटलं. "आणि बालीला तुम्ही दुसऱ्या कोणाबरोबर जा."

विनयने डोक्याला हात लावला. मी लगेच कडूबांना फोन केला. मागे मार्केटमधला लिलाव चालू होता, बोली ओरडल्या जात होत्या. मी झालेलं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं.

"बरं," ते म्हणाले.

परत कधी येता, असं मी विचारलं नाही.